हिरडीवरची पुळी फुटते, बसते आणि पुन्हा येते: मूळ शोधायचं कुठे?

"डॉक्टर, परत आली बघा."

मावशी खुर्चीत बसायच्या आधीच डावा गाल बोटाने ओढून दाखवत होत्या. वय पंचावन्नच्या पुढे, बाजारात भाजीचा गाळा. पिशवीत गोळ्यांच्या तीन रिकाम्या स्ट्रिप जपून ठेवलेल्या, दर वेळी मेडिकलमध्ये दाखवून तसल्याच घ्यायला बऱ्या म्हणून. दोन वर्षांपासून खालच्या हिरडीवर मसुराच्या दाण्याएवढी पुळी यायची. चार दिवस ठसठस, मग फुटायची, तोंडात खारट-कडवट चव, की महिना-दीड महिना शांत. गोळ्या घेतल्या तर जरा लवकर बसायची. घरात "अंगात उष्णता आहे" असं ठरून गेलेलं, त्यामुळे सब्जा, ताक, गुलकंद सगळं करून झालं होतं. या वेळी मात्र त्या पुळीच्या बरोबर वरचा दात काढून टाकायच्या तयारीनेच आल्या होत्या. कोणीतरी तसं सांगितलं होतं.

तो दात चांगला होता. ठोकून पाहिला, थंड लावून पाहिलं, दात जिवंत. पुळीच्या टोकावर टाचणीने टोचल्यासारखं एक छिद्र दिसत होतं. रूट कॅनाल भरायला आमच्याकडे गटापर्चाच्या सुईसारख्या बारीक, लवचिक, गुलाबी काड्या असतात. त्यातली एक त्या छिद्रातून अलगद आत सरकवली. मावशींना दुखलंसुद्धा नाही, काडी मात्र सेंटीमीटरभर आत गेली. तशीच ठेवून छोटा एक्स-रे काढला. एक्स-रेत गटापर्चा पांढरी दिसते. ती पांढरी रेघ पुळीजवळच्या दाताकडे वळलीच नाही. तिरकी मागे गेली आणि मागच्या दाढेच्या मुळाच्या टोकाशी, हाड विरघळून झालेल्या काळ्या डागात जाऊन थांबली. त्या दाढेत खूप वर्षांपूर्वी चांदी भरलेली होती.

"ही दाढ तर कधीच दुखली नाही हो," मावशी म्हणाल्या.

ती कधीच मेली होती, म्हणून दुखत नव्हती. हेच मला आज सविस्तर लिहायचं आहे. तालुक्याच्या गावी अठरा वर्षं दवाखाना चालवतेय. हिरडीवर पुन्हापुन्हा येणारी पुळी घेऊन आलेले बहुतेक लोक पुळीवर इलाज करत राहिलेले असतात. पुळी म्हणजे आतल्या पुवाने बाहेर पडायला केलेली वाट. वाट बुजली की सूज, वाट उघडली की आराम. पू तयार होतोय ती जागा वेगळीच असते आणि ती सापडेपर्यंत हे चक्र थांबत नाही.

गोळ्यांनी बसते, मग बरी का होत नाही?

दाताच्या आत नस असते, तिच्यात रक्तवाहिन्या असतात. कीड आतपर्यंत गेली, किंवा दाताला मार लागला, की ही नस सडते. एकदा ती सडली की दाताच्या आत रक्त पोचत नाही. तुम्ही घेतलेली अँटिबायोटिक रक्तातूनच प्रवास करते. ती मुळाच्या भोवतालची सूज आटोक्यात आणते, आसपासचे जंतू मारते, पण मेलेल्या दाताच्या पोकळीत तिला शिरायलाच वाट नसते. तिथले जंतू जसेच्या तसे राहतात आणि कोर्स संपला की पुन्हा कामाला लागतात. विहिरीत काहीतरी मरून पडलंय आणि आपण काठावर बसून पाण्यात तुरटी फिरवतोय, असा हा प्रकार.

म्हणून अशा पुळीवर उपाय दोनच: दात वाचण्यासारखा असेल तर रूट कॅनाल, नसेल तर दात काढणं. रूट कॅनालमध्ये सडलेली नस काढून, आतली पोकळी धुऊन, जंतूमुक्त करून ती बंद केली जाते. नीट झालं तर हिरडीवरचं छिद्र आठ-पंधरा दिवसांत आपोआप मिटतं, त्याला वेगळं काही करावं लागत नाही. हाडातला तो काळा डाग भरून यायला मात्र सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. मावशींची दाढ वाचली. दुसऱ्या खेपेला आल्या तेव्हा छिद्राच्या जागी फक्त फिकट ठिपका होता.

अँटिबायोटिकला माझा विरोध नाही. ताप असेल, गालावर सूज पसरत असेल, मधुमेहासारखं दुखणं असेल तर ती लागतेच. पण ती डॉक्टरने तपासून, ठरावीक दिवसांसाठी द्यावी लागते. जुनी स्ट्रिप दाखवून दर दोन महिन्यांनी घेतलेल्या गोळ्यांनी जंतू फक्त निबर होतात, आणि खरंच गरज पडते तेव्हा ते औषध चालत नाही.

आरशासमोर दोन मिनिटं

हात धुवा, मोबाइलचा टॉर्च लावा, ओठ आणि गाल बोटाने ओढून नीट बघा. मुख्य म्हणजे जागा बघा. जागेवरून बरंच कळतं.

पुळी हिरडीच्या कडेपासून लांब, जिथे हिरडी ओठाच्या किंवा गालाच्या आतल्या मऊ कातडीला मिळते त्या बाजूला असेल, तर बहुधा दाताच्या मुळाच्या टोकाचं दुखणं आहे, म्हणजे मावशींसारखं. फुगवटा हिरडीच्या कडेलाच, दोन दातांच्या मधे असेल, दाबल्यावर कडेतून पू येत असेल, दात जरा हलत असेल, तर दात आणि हिरडीमधली फट खोल गेलेली असते. आम्ही तिला पॉकेट म्हणतो. सगळ्यात मागच्या दाढेच्या मागे सूज असेल आणि वय सतरा ते पंचवीस असेल, तर ती बहुतेक अक्कलदाढ.

मग बोटाच्या टोकाने हलकेच दाबून बघा. पिळू नका. मऊ, पाणी भरल्यासारखी आहे का, रबरासारखी घट्ट आहे का, की दगडासारखी कडक? रंग हिरडीसारखाच गुलाबी, लालभडक, जांभळट की पांढरा? एक फोटो काढून ठेवा. डॉक्टरकडे जायच्या दिवशी पुळी नेमकी बसलेली असते, हा अनुभव तुम्हालाही असेल. तेव्हा तो फोटो फार कामाला येतो.

वेगवेगळ्या जागी येते? साखर तपासा

एकाच जागी परत येणारी पुळी आणि आज इथे, दोन महिन्यांनी तिथे अशी जागा बदलणारी पुळी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकाराचा माणूस समोर बसला की मी तोंड तपासण्याआधी विचारते, "साखर कधी तपासली होती?"

एक शाळामास्तर आले होते, वय चव्वेचाळीस. सहा महिन्यांत तीन ठिकाणी हिरडी सुजून पू झालेला. किडलेला दात एकही नाही. तहान लागते का, रात्री लघवीला उठावं लागतं का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "उन्हाळाच आहे, तहान लागणारच." रक्त तपासायला पाठवलं, उपाशीपोटी साखर दोनशेच्या वर निघाली. त्यांना मधुमेह असल्याचं हिरड्यांनी आधी सांगितलं. साखर वाढलेली असली की हिरडीची जंतूंशी झुंजायची ताकद कमी होते, आणि हिरडीत सतत पू असला की साखर आवरायला जड जाते. दोन्ही एकमेकांना धरून चालतात, म्हणून इलाजही दोन्हीकडचा एकदम करावा लागतो. मधुमेह आहे हे माहीत असलेल्यांनी पुळी आली की तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी करून तो कागद बरोबर आणावा.

हिरडीच्या फटीतल्या गळवाला पू काढून, फट आतून धुऊन आराम पडतो. पण तिथलं कीटण खरवडून काढलं नाही तर ते परत येणार. वरवरची सफाई पुरत नाही. हिरडी बधिर करून मुळापर्यंतचं कीटण काढावं लागतं आणि फट फारच खोल असेल तर हिरडी जरा उघडून, साफ करून, टाके घालावे लागतात. "सफाई केली की दात हलतात" हे मी रोज ऐकते. कीटणाचा दगड दातांच्या मधे घट्ट बसलेला असतो, तो निघाला की जिभेला फटी जाणवतात. दात सैल झाले होते ते कीटणामुळे, आत हाड झिजल्यामुळे. ते हाड आणखी झिजू नये म्हणून तर सफाई करायची.

अशाच फटीत कधी बाहेरची वस्तू अडकलेली असते. पॉपकॉर्नच्या दाण्याचं ते पातळ, चिवट साल, माशाचा बारीक काटा, टूथपिकचं टोक. दोन दातांमधे आठवडाभर राहिलं की सूज, पू, सगळं होतं. दातांच्या धाग्याने ते अलगद निघतं. टाचणी, सुई, सेफ्टी पिन तोंडात घालू नका.

रूट कॅनाल करूनही पुळी आली

असे लोक सगळ्यात जास्त वैतागून येतात, आणि त्यांचं चुकत नाही. पैसे गेले, चार खेपा झाल्या, वर कॅप बसली आणि वर्ष-दोन वर्षांत पुळी हजर. इथे कारण शोधायला जरा वेळ द्यावा लागतो.

वरच्या पहिल्या मोठ्या दाढेत बऱ्याच जणांना तीनऐवजी चार नलिका असतात. चौथी केसासारखी बारीक असते आणि नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही. ती राहून गेली असेल तर पू तिथूनच येतो. कधी कॅपच्या कडेने लाळ आत झिरपत राहते आणि आत नव्याने कीड लागते. या दोन्हींत रूट कॅनाल उघडून पुन्हा करता येतं. पुन्हा करूनही भागलं नाही, किंवा कॅपला आधार म्हणून मुळात पोस्ट, म्हणजे खिळ्यासारखी काडी, घट्ट बसवलेली असल्याने उघडणं शक्य नसलं, तर हिरडी उघडून मुळाचं टोकच कापून काढायची छोटी शस्त्रक्रिया असते. गुंता असेल तर सीबीसीटी नावाचा स्कॅन करतात, त्यात दात चहूबाजूंनी दिसतो.

तिसरं कारण वाईट आहे: मूळ उभं चिरलेलं असणं. रूट कॅनाल झालेला दात ठिसूळ असतो. कॅप न बसवता त्याच दाताने सुपारी फोडली, हाड चावलं की तो चिरतो. अशा वेळी पुळी टोकाच्या बाजूला न येता हिरडीच्या कडेजवळ येते आणि त्या दाताला एकाच जागी अरुंद, खोल फट लागते. चिरलेलं मूळ जोडता येत नाही. तो दात काढावाच लागतो आणि हे तुम्हाला स्पष्ट सांगणारा डॉक्टर तुमचे पैसे वाचवतोय. रूट कॅनालनंतर कॅप "नंतर बघू" म्हणून वर्षभर राहिलेली माणसं मला दर महिन्याला भेटतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय.

आणि एक गोष्ट. पुवाची वाट कधी तोंडात न उघडता बाहेर, चेहऱ्यावर उघडते. एका पोराच्या हनुवटीवर दीड वर्ष पुटकुळी होती, दाढी करताना दर वेळी सोलायची. मलमं लावून थकला होता. खालचा पुढचा एक दात किंचित काळसर दिसत होता. शाळेत असताना क्रिकेटचा चेंडू लागला होता, दोन दिवस दुखून थांबला म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. त्या दाताचं रूट कॅनाल झालं आणि हनुवटी भरून आली. मार लागलेल्या दाताचा दर सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा तरी एक्स-रे काढत जा.

अक्कलदाढ

अर्धी बाहेर आलेल्या अक्कलदाढेवर हिरडीची झापड राहते. तिच्याखाली भाताचं शीत, पोह्याचा कण अडकतो, कुजतो, सूज येते, वरची दाढ त्या सुजेवर चावते आणि सूज आणखी वाढते. तोंड उघडत नाही, गिळताना कानापर्यंत कळ येते. कोमट मीठपाण्याच्या गुळण्या आणि झापडीखाली पिचकारीने धुऊन काढणं, एवढ्याने पहिल्या वेळी बहुतेकांना बरं वाटतं. दुसऱ्यांदा झालं तर एक्स-रे काढून दाढ सरळ येणार का ते बघायचं. आडवी असेल, जागाच नसेल, तर सूज नसताना काढून टाकणं बरं. परीक्षेच्या किंवा लग्नाच्या आठवड्यात ठणका लागून आलेली मुलं पाहिली की फार वाईट वाटतं, कारण चार महिने आधी हे शांतपणे उरकता आलं असतं.

लहान मुलांची हिरडी

"दुधाचाच दात आहे, पडणारच आहे." या एका वाक्याने मुलांचं खूप नुकसान झालंय. पाच वर्षांच्या मुलाच्या किडलेल्या दुधाच्या दाढेजवळ पुळी दिसली, तर ती दाढ पडायला अजून पाच-सहा वर्षं आहेत. या दाढा साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. त्यांच्या मुळांच्या बेचक्यातच कायमच्या दाताची कळी वाढत असते. वर्षानुवर्षं तिथे पू राहिला तर खालच्या दाताचं वरचं आवरण नीट बनत नाही, तो पिवळट डागांचा, खडबडीत येतो. दुधाच्या दाढेचंही रूट कॅनाल होतं आणि ते करावं. काढावीच लागली तर रिकामी जागा राखायला छोटी तार बसवतात, नाहीतर शेजारचे दात सरकून नव्याची वाट अडवतात.

तान्ह्या बाळाच्या हिरडीवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके दिसले तर घाबरू नका, कापडाने चोळू नका, फोडू तर मुळीच नका. काही आठवड्यांत आपसूक जातात. दात येताना त्या जागी निळसर फुगवटा आला तर तोही दात वर आला की जातो.

गरोदरपणात आणि चालू औषधांमुळे

सातव्या महिन्यात माहेरी आलेली लेक ब्रश करताना रक्त येतं म्हणून येते. दोन दातांच्या मधे वालाच्या दाण्याएवढा लालभडक, मऊ गोळा, हात लावला की रक्त. आई भेदरलेली असते. हा कॅन्सर नव्हे. गरोदरपणातल्या हार्मोनमुळे हिरडी कीटणाला जास्त जोरात उत्तर देते, त्यातून हा गोळा होतो. बाळंतपणानंतर तो बहुतेक वेळा आक्रसतो. कीटण साफ करून घ्यावं. सफाई गरोदरपणात चालते, चौथा ते सहावा महिना त्याला सगळ्यात सोयीचा. चावताना आड येत असेल, रक्त थांबतच नसेल तरच लगेच काढतात, नाहीतर थांबतात. बाळंतपणानंतर उरला तर काढायचा, आणि खालचं कीटणही त्याच वेळी काढायचं, नाहीतर त्याच जागी परत येतो.

सगळीकडच्याच हिरड्या फुगून दातांवर चढत असतील तर तुमच्या रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी बघा. रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपीन, आकडीची फेनिटॉइन, मूत्रपिंड बदलल्यावर द्यायची सायक्लोस्पोरिन, ही तीन औषधं काही जणांच्या हिरड्या वाढवतात. म्हणून गोळी मनाने बंद करू नका! आकडीची गोळी अचानक थांबवली तर जिवावर बेततं. ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा दुसरं औषध देता येतं. तोवर हिरड्या स्वच्छ ठेवल्या तर वाढ बरीच कमी होते.

कडक गाठ, न दुखणारी गाठ

खालच्या जबड्याच्या आतल्या अंगाला, जिभेच्या दोन्ही बाजूंना, दगडासारखे सारखेच उंचवटे लागतात का? किंवा टाळूच्या मधोमध? ते हाडाचे उंचवटे आहेत. वर्षानुवर्षं असतात, एक दिवस जीभ लागते आणि झोप उडते. ते निरुपद्रवी असतात. कवळी बसवताना आड आले तरच काढतात.

कवळीवरून आठवलं. सैल झालेली कवळी वर्षानुवर्षं तशीच वापरली की तिच्या कडेला हिरडीची झालर वाढते. आजोबा म्हणतात, "अजून चालतेय की." कवळी काही दिवस बाहेर ठेवून नवी करून घ्यावी, आणि झालर उरली तर काढून तपासायला पाठवावी.

हिरडीच्या रंगाची, घट्ट, मसासारखी एकटी गाठ बहुधा साधी असते. सतत टोचण्याने, कीटणाने झालेली. ती काढताना मुळाशी नीट खरवडली नाही तर परत वाढते. जांभळट रंगाची असेल तर एक्स-रे आणि कधी रक्तातलं कॅल्शियमही तपासावं लागतं. यांतली कुठलीही गाठ काढली की तो तुकडा तपासायला गेलाच पाहिजे. "साधीच दिसते" म्हणून कचऱ्यात टाकलेला तुकडा मला मान्य नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. ठणकणारी पुळी माणसाला दवाखान्यात आणते. न दुखणारी आणत नाही.

आमच्या सातारा-सांगलीकडे बायका मिश्रीने दात घासतात आणि ती हिरडीला दाबून तासभर तशीच ठेवतात. पुरुष तंबाखूची चिमूट गालात धरतात, विदर्भात खर्रा, इतरत्र मावा. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण सुपारी-तंबाखू मळून मिळतेच. ही गोळी रोज एकाच जागी राहते, खालची हिरडी आणि गाल यांच्या खोबणीत. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर याच खोबणीत सर्रास होतो. सुरुवातीला तो दुखत नाही. पांढरा किंवा लाल चट्टा, खडबडीत जागा, कडा उंच असलेली जखम, बोटाला कडक लागणारी गाठ, कारण नसताना हलायला लागलेला दात.

एका काकूंची दाढ हलत होती म्हणून दुसरीकडे काढली होती. दीड महिना जखम भरेना, उलट खड्ड्यातून मांसाचा कोंब वर येत होता. त्या माझ्याकडे "टाका घाला" म्हणून आल्या. तीस वर्षं मिश्री. मी टाका घातला नाही, तुकडा घेतला. रिपोर्ट आला तो कॅन्सरचाच. काकू आज आहेत, जबड्याचा एक भाग गेला, पण जेवतात, बोलतात. दाढ हलायला लागली तेव्हाच एक्स-रे निघाला असता तर एवढं कापावं लागलं नसतं, हे मला आजही खुपतं.

"तुकडा काढला की पसरतो," "सुई लागली की खवळतो," हे ऐकून घरी बसलेली माणसं उशिरा येतात. तुकडा तपासल्याने कॅन्सर पसरत नाही. उशीर केल्याने पसरतो. जागा बधिर करून दाण्याएवढा तुकडा घेतात, एखाद-दोन टाके पडतात, त्याच दिवशी घरी.

हिशोब साधा ठेवा: हिरडीवरची कुठलीही गाठ, चट्टा, जखम पंधरा दिवसांत गेली नाही की दाखवायची. दुखो वा न दुखो. तोंडात आपली तीन बोटं उभी मावत नसतील, तिखट झोंबत असेल, मानेत गाठ लागत असेल, तर पंधरा दिवसही थांबू नका. खर्चाची चिंता असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे ही तपासणी कमी खर्चात होते. कॅन्सरच निघाला तर परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून हेच काम करतंय. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८०० ११ २३५६ हा सरकारी फोन मोफत आहे. पुडीवर छापलेला असतो, लोक वाचत नाहीत.

आज रात्री ठणकतंय, दवाखाना सकाळी उघडणार

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दर दोन-तीन तासांनी चूळ धरून हलकेच फिरवायची. उकळतं नको. यकृताचा त्रास नसेल तर पॅरासिटॅमॉल घेता येते. दुसऱ्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंड, पोट, दमा यांचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. उशाला दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवा, आडवं पडलं की ठणका वाढतो.

लवंग दाताखाली धरली तर चालेल. लवंगेचं तेल कापसाने हिरडीवर चोळलं की हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवून पांढरीफटक जळालेली जागा घेऊन येणारे आजही आहेत. दुखतंय म्हणून तिथे तंबाखू दाबू नका. बाहेरून गाल शेकू नका. पू बाहेरच्या कातडीकडे ओढला जाऊ शकतो, हवं तर थंड पट्टी ठेवा. आणि नखाने, सुईने पुळी फोडू नका. आपोआप फुटली तर मीठपाण्याने धुवा आणि आराम पडला तरी सकाळी दवाखान्यात या.

सूज डोळ्याकडे चढत असेल, जबड्याखाली किंवा मानेत उतरत असेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, थुंकी गिळता येत नसेल, श्वास लागत असेल, ताप भरून थंडी वाजत असेल, तर सकाळची वाट बघू नका. दातांचा दवाखाना शोधण्यात वेळ न घालवता थेट मोठं हॉस्पिटल गाठा. दाढेतला पू मानेत उतरला की श्वासनळी दाबली जाते आणि तेव्हा तास मोजायचे असतात.

दवाखान्यात याल तेव्हा पुळी पहिल्यांदा कधी आली, कितीदा आली, दर वेळी तीच जागा का, आधी कोणत्या गोळ्या घेतल्या, रोजची औषधं कोणती, हाडं ठिसूळ झाल्याचं इंजेक्शन वर्षातून एकदा घेता का, हे सगळं सांगा. ते इंजेक्शन चालू असताना दात काढला तर हाड उघडं पडून भरत नाही असं होऊ शकतं, म्हणून ते आधी कळलं पाहिजे. तंबाखू, मिश्रीचं लपवू नका, आम्ही रागवत नाही. आणि मावशींसारखं पुळीला छिद्र असेल, तर डॉक्टरांना विचारा: "त्यात काडी घालून एक्स-रे काढता का?" पाच मिनिटांचं काम आहे.